‘नो प्रॉब्लेम’ची किंमत

महाराष्ट्रातील अनेक बाजारपेठांत एके काळी सौदा तोंडाने होत नसे. दोन हात रुमालाखाली एकमेकांना भेटत, बोटे दाबली जात आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पत्ता लागण्यापूर्वी भाव ठरून जाई. या हत्ता पद्धतीत शेतकऱ्याचे हित सांभाळले जात नाही, म्हणून उघड लिलावाचा आग्रह धरला गेला आणि ते योग्यच झाले. तथापि त्या पद्धतीतील एक गोष्ट विसरण्याजोगी नाही. कोणत्या बोटाचा अर्थ किती, याविषयी देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनात तिळमात्र अंतर नसे. संकेत थोडे, पण प्रत्येकाचा अर्थ ठरलेला.

परदेशाशी व्यापार करू पाहणाऱ्या कुटुंबांत आज इंग्रजीविषयी जी धास्ती दिसते, तिचे मूळ इथे शोधावे लागते. शब्द पाठ असतात, व्याकरणही बऱ्यापैकी असते. परंतु आपण उच्चारलेल्या शब्दाचे समोरच्याच्या मनात वजन किती होते, याचा अंदाज नसतो. सांगलीतील एका हळद व्यापारी घराण्याला हा अंदाज चुकल्याची किंमत मोजावी लागली. त्यांची हकिगत अनेकांच्या उपयोगी पडेल अशी आहे.

या घराण्याची अडत तीन पिढ्यांची. हरिपूरच्या पेवांत हळद साठवण्याचा काळ आजोबांनी पाहिला, आणि नातवांनी शीतगृहांचा पाहिला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर थोरल्या मुलाने निर्यातीचा परवाना काढला. घरातील कर्त्या पुरुषाला सारे ‘अण्णा’ म्हणत. वय पंचावन्न, शिक्षण मराठी माध्यमातून बी.कॉम. हळकुंड हातात घेऊन मोडले की त्याच्या आतील रंगावरून आणि वासावरून प्रत सांगणारे. बँकेत त्यांचा शब्द तारणासारखा मानला जाई.

जर्मनीतील कोलोन शहरी विषम वर्षांच्या ऑक्टोबरात ‘अनुगा’ हे खाद्यपदार्थांचे मोठे व्यापारी प्रदर्शन भरते. थोरला मुलगा तिथे जाऊन आला आणि हॅम्बुर्गच्या एका मसाला आयातदाराशी ओळख जुळली. नमुने गेले, प्रयोगशाळेचे अहवाल गेले, भाव ठरला. खरेदीदाराने पतपत्र, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत एलसी, उघडले. त्यात माल ‘मिडल ऑफ मार्च’ला जहाजावर चढवावा असे नमूद होते. ‘हे चालेल ना?’ अशी विचारणा ई-मेलने आली, तेव्हा अण्णांनी मुलाला उत्तर लिहायला सांगितले: ‘येस, नो प्रॉब्लेम.’

मार्चमध्ये पॉलिशच्या कामाला मजूर कमी पडले आणि कंटेनर वेळेवर मिळाला नाही. १४ तारखेला जर्मनीहून पुन्हा विचारणा झाली: सर्व ठरल्याप्रमाणे चालले आहे काय? माल अजून गिरणीतच होता. पण गिऱ्हाइकापाशी आधीच अडचणीचा पाढा कशाला वाचायचा, चार दिवसांत आपण निभावून नेऊ, असा अण्णांचा विचार झाला. पेठेत हीच रीत असते. अडचण आपली, ती आपणच गिळायची. उत्तर गेले: ‘एव्हरीथिंग फाइन, नो प्रॉब्लेम.’ माल जहाजावर चढला २३ मार्चला.

अण्णांच्या हिशेबी २३ तारीख म्हणजे महिन्याचा मध्यच. दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तर कोण मोजतो! परंतु एलसीच्या जगात ते मोजलेलेच असते. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे ‘यूसीपी ६००’ हे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत, आणि जगभरच्या बँका एलसीचे व्यवहार बहुतांशी त्यांच्या आधारे करतात. त्यांत महिन्याचा आरंभ म्हणजे १ ते १०, मध्य म्हणजे ११ ते २० आणि अखेर म्हणजे २१ पासून शेवटच्या दिवसापर्यंत, असे स्पष्ट सांगितले आहे. अण्णांचा माल तीन दिवस उशिरा चढला होता.

याच वेळी मोहाचा क्षण आला. कुणा मध्यस्थाच्या कारकुनाने सुचवले की बिल ऑफ लेडिंगवर २० मार्च ही तारीख घालून आणता येईल, थोडा खर्च येईल इतकेच. बँक काही जहाज पाहायला बंदरावर जात नाही. हे शेवटचे विधान खरे होते. एलसीच्या व्यवहारात बँका कागदपत्रे तपासतात, माल तपासत नाहीत, हा त्या नियमांचा पायाच आहे. म्हणूनच कागदावरची तारीख पवित्र मानावी लागते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, हा एक आहे. अण्णांनी त्या कारकुनाला एवढेच सांगितले, ‘तारीख जी आहे ती राहू दे. तोटा झाला तर माझा.’

तोटा झाला. जर्मन बँकेने तपासणीसाठी मिळणाऱ्या पाच कामकाजी दिवसांच्या आत कागदपत्रे नाकारल्याचे कळवले. कंटेनर हॅम्बुर्गच्या बंदरात पोहोचून उभा राहिला आणि भाड्याचा मीटर चालू झाला. खरेदीदार आठ दिवस गप्प होता. अखेरीस पाच टक्के सूट घेऊन आणि बंदरावरचा खर्च अण्णांच्या माथी मारून त्याने माल उचलला. जाता जाता त्याने जे लिहिले, ते अण्णांना सुटीच्या रकमेपेक्षा अधिक लागले. त्याचा आशय असा होता: उशीर समजण्यासारखा होता. १४ तारखेला आपण कळवले असते, तर एलसीत दुरुस्ती करून घेता आली असती. परंतु आपण अडचण नाही असे कळवले, आणि ते खरे नव्हते.

ज्या माणसाने खोटी तारीख नाकारून तोटा पत्करला, त्याच्याविषयी समोरच्याचे मत ‘खरे बोलत नाही’ असे झाले. अण्णांना रात्र रात्र झोप लागेना. त्यांच्या मनात ‘नो प्रॉब्लेम’चा अर्थ ‘आम्ही काळजी घेत आहोत’ असा होता. जर्मन माणसाने तो ‘माल वेळेवर चढेल’ असा घेतला. शब्द एकच, मापे दोन.

त्यानंतर त्यांनी इंग्रजी शिकण्याचे ठरवले. प्रथम शहरातील एका शिकवणी वर्गात नाव घातले. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी, असे फलकावर लिहिलेले होते. तिथे अठरा-वीस वर्षांच्या मुलांमध्ये बसून त्यांना आपल्या आवडत्या सहलीचे वर्णन करावे लागले. काळांचे तक्ते पाठ झाले, पण एलसीतील एक ओळ उलगडेना. तीन आठवड्यांनी त्यांनी जाणे सोडले आणि ‘या वयात हे आपले काम नव्हे’ असे घरी जाहीर केले.

मार्ग काढला तो थोरल्या सूनबाईंनी. त्या एम.कॉम. झालेल्या, आणि लग्नापूर्वी एका मालवाहतूक कंपनीच्या कागदपत्र विभागात काम केलेल्या. एके संध्याकाळी त्यांनी वर्षभराच्या व्यापारी ई-मेलचा छापील गठ्ठा सासऱ्यांपुढे ठेवला.

‘अण्णा, पुस्तक नको. आपलाच पत्रव्यवहार वाचू या. यातले शब्द मोजले तर दोन-तीनशेच्या वर जाणार नाहीत. तेवढे पक्के झाले की पुष्कळ झाले.’

सुनेकडून शिकायचे, हे अण्णांना पहिले काही दिवस जड गेले. सासूबाई हसून म्हणाल्या, ‘बाजारात हमालाकडूनही चार गोष्टी शिकलात ना? मग घरच्या लक्ष्मीकडून शिकायला कसला संकोच?’ त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला नेहमीच्या वह्यांबरोबर आणखी एक कोरी वही पूजेला ठेवली गेली. तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ आणि खाली खतावणीप्रमाणे दोन रकाने होते.

हे रकाने सूनबाईंच्या हिशेबी बुद्धीतून निघाले. डाव्या बाजूला देण्याचे शब्द, म्हणजे जे उच्चारले की आपण बांधले जातो: ‘वी कन्फर्म’, ‘वी गॅरंटी’, ‘वी विल शिप’. उजव्या बाजूला असे शब्द की ज्यांत आपण अंदाज सांगतो, परंतु वचन देत नाही: ‘वी एक्स्पेक्ट’, ‘वी एस्टिमेट’, ‘सब्जेक्ट टू’. ‘नो प्रॉब्लेम’ कुठे लिहायचा यावर बराच खल झाला. शेवटी अण्णांनी तो स्वतःच्या हाताने देण्याच्या रकान्यात लिहिला.

पुढच्या पानांवर बँकेच्या भाषेतील मोजके शब्द आले. ‘अबाउट’ हा किरकोळ वाटणारा शब्द एलसीत रकमेच्या, नगाच्या किंवा दराच्या अलीकडे आला, तर दहा टक्के कमी-अधिक चालते. ‘अबाउट’ १० टन म्हणजे ९ ते ११ टन. मात्र तोच शब्द गाळून ‘८०० बॅगा’ असे लिहिले असेल, तर ७९९ चालत नाहीत. ‘ऑन ऑर अबाउट’ एखादी तारीख म्हणजे तिच्या अलीकडचे पाच आणि पलीकडचे पाच दिवस, दोन्ही टोके धरून. उलट ‘प्रॉम्प्ट’, ‘इमिजिएटली’, ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ हे जोरदार शब्द बँक विचारातच घेत नाही, कारण त्यांना माप नाही. जहाजावर माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत, आणि एलसीची मुदत संपण्यापूर्वी, कागदपत्रे सादर करावी लागतात. हे वाचून अण्णा म्हणाले, ‘ही तर आपल्या तराजूसारखीच भाषा आहे. उगीच घाबरलो होतो.’

मालाच्या जबाबदारीचे शब्दही तसेच. ‘इन्कोटर्म्स’ या व्यापारी संज्ञा त्याच मंडळाने १९३६ साली प्रथम प्रसिद्ध केल्या आणि १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या आवृत्तीत त्या अकरा आहेत. ‘सीआयएफ’ म्हटले की विक्रेता भाडे आणि विमा भरतो, म्हणून वाटेतील जोखीमही त्याचीच, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. खर्च कोण करतो आणि जोखीम कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तीन अक्षरांत लाखोंचा फरक सामावलेला असतो.

या अभ्यासात सर्वांत रंजक भाग निघाला तो मराठीतून इंग्रजीत येताना होणाऱ्या फसगतीचा. मराठीत ‘शुक्रवारपर्यंत माल पाठवतो’ म्हटले की भागते. इंग्रजीत मात्र ‘पर्यंत’चे दोन वेगळे शब्द आहेत. शुक्रवार ही शेवटची मुदत असेल तर ‘बाय फ्रायडे’, आणि शुक्रवार येईतो काम चालूच राहणार असेल तर ‘अनटिल फ्रायडे’. अण्णांच्या पत्रांत जिथे तिथे ‘अनटिल’ होते. तसेच ‘शंका’. मराठीत शंका विचारणे हे जिज्ञासेचे लक्षण. इंग्रजीत ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर पेमेंट’ असे लिहिले, तर पैसे मिळतील असा आम्हाला विश्वास नाही, असा त्याचा अर्थ होतो. तिथे ‘क्वेश्चन’ हाच शब्द हवा.

आदराचे तर गणितच निराळे. मराठीत ‘पाठव’, ‘पाठवा’, ‘पाठवावे’, ‘पाठवाल का’ अशा पायऱ्या क्रियापदातच असतात. नम्रता वेगळी जोडावी लागत नाही. इंग्रजीत ‘सेंड’ हे एकच रूप, थोरालाही आणि धाकट्यालाही. म्हणून मराठी माणूस मनात ‘नमुना पाठवावा’ असे अत्यंत अदबीने म्हणतो आणि कागदावर ‘सेंड द सॅम्पल’ उतरते, जे वाचणाऱ्याला हुकुमासारखे लागते. तिथे ‘कुड यू प्लीज’ किंवा ‘वुड इट बी पॉसिबल’ यांनी ती पायरी बांधावी लागते. उलटपक्षी ‘काइंडली डू द नीडफुल’ हा आपल्या कचेऱ्यांतील लाडका वाक्प्रयोग परदेशी माणसाला कोड्यात टाकतो. नेमके काय करायचे, हे त्यात सांगितलेलेच नसते. ‘आय विल रिव्हर्ट’ म्हणजे आपल्याकडे ‘उत्तर कळवतो’. इतरत्र त्याचा मूळ अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे असा आहे.

आकड्यांची वही वेगळी झाली. लाख आणि कोटी परदेशी पत्रात लिहू नयेत, मिलियनमध्ये लिहावेत. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरतात, म्हणून तिथल्या कागदावर १.२५० युरो दिसले तर ते साडेबाराशे असतात. ०५/०६ ही तारीख युरोपात ५ जून, तर अमेरिकेत ६ मे. महिना अक्षरात लिहिला की वाद संपतो.

भाषा कामापुरती आणि कामासाठी शिकण्याची ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. वीरचंद राघवजी गांधी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माची बाजू मांडण्यास गेले, हे सर्वश्रुत आहे. त्याआधी शिखरजीच्या प्रकरणातील कागदपत्रे स्वतः वाचता यावीत, म्हणून कोलकात्यात राहून ते बंगाली शिकले होते. पुढे पालनपूरकडील जैन हिरे व्यापारी बेल्जियममधील अँटवर्पला जाऊन स्थिरावले, तेव्हा तिथल्या ज्यू व्यापाऱ्यांचा ‘मझल’ हा हिब्रू शब्द त्यांनी आपलासा केला. हस्तांदोलन करून ‘मझल’ म्हटले की सौदा पक्का. त्यानंतर कुणी मागे फिरत नाही. ज्यांना हिब्रूतील दुसरा शब्द येत नव्हता, त्यांनाही या एका शब्दाचे वजन बिनचूक ठाऊक होते.

दोन वर्षांनी पुन्हा अनुगा भरायचे होते. या वेळी अण्णांनी स्वतः जाण्याचे ठरवले. हॅम्बुर्गच्या त्याच खरेदीदाराला त्यांनी भेटीची वेळ मागितली. उत्तर तीन ओळींचे आणि कोरडे आले, पण आले. ११ वाजता, पंचेचाळीस मिनिटे.

प्रवासाची तयारी सूनबाईंनी प्रश्नोत्तरांच्या रूपाने करून घेतली. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांच्या कोणत्याही काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लांब गोष्ट नको असते. कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार, परतीचे तिकीट आहे का, एवढेच तो विचारतो. इथेही मराठीचा एक खड्डा होता. ‘कामासाठी आलो आहे’ हे सरळ इंग्रजीत ‘फॉर वर्क’ असे सांगितले, तर नोकरीसाठी आला, असा समज होऊ शकतो. ‘टू व्हिजिट अ ट्रेड फेअर’ असे सांगितले की प्रश्नच उरत नाही.

आहाराचा प्रश्न मोठा होता. विमानकंपन्यांत जैन भोजनासाठी ‘व्हीजेएमएल’ असा सांकेतिक शब्द आहे; उड्डाणापूर्वी किमान २४ तास, काही ठिकाणी त्याहूनही आधी, तो नोंदवावा लागतो. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघात दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, म्हणून पेढ्यांचा डबा घरी राहिला आणि चिवडा गेला. ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द तिथे पुरा पडत नाही, कारण त्यात अंडे चालते असे धरले जाते. ‘व्हीगन’ म्हटले तर दूध आणि मधही वगळले जातात, पण कांदा, लसूण, बटाटा राहतातच. म्हणून अण्णांनी तत्त्व समजावण्याऐवजी यादी पाठ केली: अंडे नाही, मांस नाही, मासे नाहीत, कांदा, लसूण, बटाटा, गाजर नाही; भात, डाळी, कोबी, टोमॅटो, फळे चालतात. काय चालते हे सांगितले की यजमानाचा जीव भांड्यात पडतो.

भेटीच्या पत्रातच खरेदीदाराने रात्री आठच्या जेवणाचा उल्लेख केला होता. आपल्याकडे अशा वेळी होकार द्यायचा आणि तिथे जाऊन पाण्याचा पेला धरून बसायचे, अशी पद्धत. यजमानाला ते अपमानास्पद वाटते आणि पाहुण्याला संकोचाचे. अण्णांनी आठवडाभर आधी सूनबाईंच्या मदतीने कळवले की धर्माचरणामुळे ते सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. दुपारचे जेवण शक्य असल्यास त्यांना आनंद होईल, अन्यथा संध्याकाळी नुसत्या गप्पांसाठीही ते येतील. तासाभरात उत्तर आले. जेवण दुपारी साडेबाराला ठरले होते आणि खाली एक ओळ होती: आधी सांगितल्याबद्दल आभार.

ठरलेल्या दिवशी अण्णा पावणेअकरालाच प्रदर्शनातील त्या दालनापाशी पोहोचले आणि बरोबर अकराला आत गेले. पहिल्या पाच मिनिटांत कुटुंबाची विचारपूस करण्याची सवय त्यांनी आवरली. दालनातील मंडळी थेट कामाला लागली. नमुना पाहून एक तरुण तंत्रज्ञ म्हणाला, ‘हा रंग आम्हाला चालणार नाही.’ मराठीत इतके उघड कुणी बोलले असते, तर अण्णा उठून गेले असते. तिथे तो केवळ नमुन्यावरचा अभिप्राय होता. त्यांनी दुसरा नमुना पुढे केला.

मग खरेदीदाराने विचारले, डिसेंबरच्या मध्यापर्यंत दोन कंटेनर देऊ शकाल काय?

दोन वर्षांत गमावलेले गिऱ्हाईक समोर बसले होते. मागणी पूर्वीच्या दुप्पट होती. जिभेवर ‘येस’ आलेच होते. पण त्या प्रतीचा जुना माल शीतगृहात एका कंटेनरपुरताच होता आणि नवी हळद बाजारात यायला फेब्रुवारी उजाडणार होता. अण्णांनी क्षणभर थांबून, शब्द जुळवत, व्याकरणाची फारशी पर्वा न करता सांगितले की दोन देता येणार नाहीत. एक कंटेनर १५ डिसेंबरच्या आत. दुसरा नव्या हंगामातील, ३१ मार्चच्या आत. उशीर होण्याची शक्यता दिसली, तर ते दहा दिवस आधी कळवतील.

दालनात थोडा वेळ शांतता पसरली. अण्णांना वाटले, सौदा गेला. खरेदीदाराने वहीत दोन तारखा लिहिल्या, त्यांच्याखाली रेघ मारली आणि पहिल्यांदाच हसून म्हणाला, ‘गुड. धिस आय कॅन प्लॅन.’ त्याचा अर्थ अण्णांना भाषांतराविना समजला. नकार ऐकून तो नाराज झाला नव्हता. त्याला ज्याच्यावर विसंबून पुढचे गणित मांडता येईल असा आकडा मिळाला होता.

डिसेंबरचा कंटेनर ११ तारखेला जहाजावर चढला. मार्चमध्ये मात्र पुन्हा अडचण आली. जहाजाचे वेळापत्रक बदलले. १९ मार्चलाच ई-मेल गेला, सात ओळींचा: काय घडले, नवी तारीख कोणती, एलसीची मुदत कोणत्या दिवसापर्यंत वाढवून हवी. दुसऱ्या दिवशी होकार आला आणि चार दिवसांत दुरुस्ती झाली. सूट नाही, भाडे नाही, रुसवा नाही. उशीर तितकाच होता, केवळ तो कळवण्याचा दिवस बदलला होता.

ज्या घरांत असा व्यापार आहे किंवा होऊ घातला आहे, त्यांनी या हकिगतीतून दोन-तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. शिकण्याचे पाठ्यपुस्तक म्हणजे आपलाच गेल्या वर्षाचा पत्रव्यवहार. रोज एक ई-मेल मोठ्याने वाचावा आणि त्यातील कोणता शब्द आपल्याला बांधतो, हे घरातील तरुण मंडळींनी वडीलधाऱ्यांबरोबर बसून ठरवावे. परदेशी पत्रात तारीख, वजन आणि रक्कम यांपैकी काहीही विशेषणाने सांगू नये, आकड्याने सांगावे. आणि ज्या दिवशी अडचण कळते, त्याच दिवशी ती पत्रात उतरावी. उच्चार सदोष असला तरी व्यापार चालतो. अण्णांचा ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ अजूनही एकमेकांच्या जागी येतात आणि त्यामुळे एक बॅगही अडलेली नाही.

पहिल्या व्यवहारातील पाच टक्के सूट सनदी लेखापालांनी रीतसर सूट खाती टाकली आणि तो विषय वर्षाच्या ताळेबंदात बुजून गेला. अण्णांनी मात्र आपल्या त्या पूजेच्या वहीत ती रक्कम वेगळी लिहून ठेवली आहे. तिच्यासमोर एकच शब्द आहे: शिकवणी. यंदा धाकटा मुलगा प्रथमच परदेशी निघाला, तेव्हा त्याने बॅगेत काय भरू म्हणून विचारले. अण्णांनी ती वही त्याच्या हाती दिली आणि म्हणाले, ‘देण्याचा रकाना आधी वाच.’